कोरड्या दिवशी घ्यायचा निर्णय

वर्धा जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात पुराचा विषय काढला की पहिलं उत्तर ठरलेलं असतं. आमच्याकडे पाणीच कुठे आहे? या उत्तरात खोटं काही नाही. उन्हाळ्यात इथल्या विहिरी तळ दाखवतात. संत्र्याची बाग जगवायला शेतकरी टँकरचं पाणी विकत घेतो. शेजारच्या आर्वी तालुक्यातलं काकडदरा २०१७ च्या वॉटर कप स्पर्धेत राज्यात पहिलं आलं, ते डोंगरउतारावरचं पाणी अडवून. थेंब थेंब जपणाऱ्या माणसाला पाण्यापासून दूर जायची तयारी करून ठेव असं सांगितलं तर त्याला ते पटत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. ही पुस्तिका मात्र तेच सांगायला लिहिली आहे. म्हणून ती का लिहावी लागली, हे आधी सांगायला हवं.

आष्टीच्या ईशान्येला, वर्धा नदीच्या वरच्या अंगाला मोवाड आहे. नागपूर जिल्ह्याच्या नरखेड तालुक्यातलं, नदीकाठचं, नगरपरिषद असलेलं जुनं गाव. ३० जुलै १९९१ रोजी वर्धेला आलेल्या महापुरात मोवाडची २०४ माणसं गेली. एका गावातली, एका दिवसात. दरवर्षी ३० जुलैला तिथे त्यांना श्रद्धांजली वाहिली जाते. विदर्भाबाहेर हा आकडा फारसा कोणाला ठाऊक नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, ते सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, तेही शाळेतली मुलं सांगतात. मोवाड विसरलं गेलं, कारण ते मोठ्या शहराच्या नकाशावर नव्हतं. आपल्या तालुक्यात तरी ते विसरलं जाऊ नये. त्या गावाची आणि आपली नदी एकच आहे, माती एकच आहे, घरं बांधायची रीतही एकच.

वर्धा नदी मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईजवळ सातपुड्यात उगम पावते आणि डोंगर उतरून विदर्भात शिरते. डोंगरात पडलेलं पाणी पठारी नदीसारखं रेंगाळत येत नाही. वर ढग फुटला तर खालच्या गावाच्या डोक्यावर ऊनही असू शकतं. आपल्या अंगणात पाऊस नाही म्हणजे नदीला पूर नाही, हा समज नदीकाठच्या गावांना फार महाग पडतो.

त्यात आपली काळी माती. जूनच्या पहिल्या पावसात ती हावऱ्यासारखी पाणी पिते, कारण उन्हाळ्यात तिला पडलेल्या भेगा हातभर खोल गेलेल्या असतात. पण ही माती भिजली की फुगते, भेगा मिटतात, आणि मग वरचं पाणी आत शिरायला वाट उरत नाही. जुलैच्या अखेरीस, दोन-तीन आठवड्यांच्या झडीनंतर, वावर काठोकाठ भरलेलं असतं. त्यानंतर पडलेला प्रत्येक पाऊस धुऱ्यावरून उडी मारून नाल्याकडे धावतो. महसूल खातं एका दिवसात ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की मंडळात अतिवृष्टी धरतं. एका हेक्टरवर ६५ मिलिमीटर पाऊस म्हणजे साडेसहा लाख लिटर पाणी. शंभर हेक्टरच्या लहानशा शिवारावर साडेसहा कोटी लिटर. हे सगळं पाणी ज्या नाल्यातून जायचं, त्या नाल्यात वर्षानुवर्षांचा गाळ, बेशरमाची झुडपं, आणि काठावर थोडं थोडं पुढे सरकलेलं वावर असतं.

म्हणून आष्टी तालुक्यातल्या पुराचं खरं ठिकाण मोठ्या नदीइतकंच लहान नाल्यातही आहे. साहूर असो, अंतोरा असो, लहान आर्वी असो की महामार्गावरचं तळेगाव, प्रत्येक गावाच्या वाटेवर कुठेतरी एक नाला आणि त्यावर एक रपटा आहे. वर्षातले अकरा महिने त्या रपट्यावरून बकऱ्या जातात. बाराव्या महिन्यातल्या एखाद्या संध्याकाळी तोच रपटा गुडघाभर पाण्याखाली जातो आणि पलीकडे घर दिसत असतं. घर दिसतं, हीच त्यातली सगळ्यात धोक्याची गोष्ट.

धावतं पाणी घोट्याच्या जरा वर आलं तरी धडधाकट माणसाचा पाय उचलतं. फूटभर पाण्यात लहान मोटार तरंगू लागते, दोन फुटांत जवळपास कुठलीही गाडी वाहते. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. म्हणून काल याच पाण्यातून गेलो होतो, हा अनुभव आज कामाला येत नाही. २८ सप्टेंबर २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावरून नागपूरला निघालेली एसटी पुरात वाहून गेली, चार जीव गेले. पुढच्याच वर्षी १२ जुलैला सावनेर तालुक्यात नांदागोमुखजवळ एक स्कॉर्पिओ पुलावरून वाहून गेली, आतली माणसं मुलताईकडची होती. दोन्ही ठिकाणी काठावर माणसं उभी होती, पाणी सगळ्यांना दिसत होतं. पुरात जाणाऱ्या जिवांपैकी कितीतरी असे जातात. घरात अडकून जाणारे वेगळे, आणि घरी पोचायच्या घाईत जाणारे वेगळे. आपल्या भागात दुसऱ्या प्रकाराकडे आधी लक्ष द्यायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. शेतातून परतणारी बाई, शाळेतून येणारं पोर, तालुक्याहून मोटारसायकलवर निघालेला मुलगा, यांनी पाणी ओसरेपर्यंत कोणाच्या घरी थांबायचं हे पावसाळ्याआधी ठरलेलं असावं. अलीकडच्या बाजूला एक घर पक्कं करावं, तिथल्या माणसांना सांगून ठेवावं, आणि घरच्यांनी ‘कसंही करून ये’ असा फोन करू नये. नागपंचमीला १९४२ च्या लढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन करायला गावोगावची माणसं आष्टीत येतात. १६ ऑगस्ट १९४२ चा तो दिवस ऐन पावसाळ्यातला होता आणि आजही तो सण ऐन पावसाळ्यातच येतो. अशा दिवशी परतीची वाट बंद झाली तर मुक्काम कुठे, हे निघतानाच ठरवलेलं बरं.

धरणाचं प्रकरण वेगळं आहे. मोर्शीजवळ सिंभोऱ्याला बांधलेल्या अप्पर वर्धा धरणाला तेरा दरवाजे आहेत आणि त्याची पूर्ण पातळी ३४२.५० मीटर. त्याच्या जलाशयासाठी या पट्ट्यातल्या कित्येक कुटुंबांनी घरं, वावरं, देवळं सोडली. घर सोडणं म्हणजे काय, हे आपल्या तालुक्याला कोणी बाहेरून येऊन शिकवायला नको. खाली राहिलेल्या गावांना आता या धरणाचा फायदाही होतो आणि जपावंही लागतं. कोणत्या तारखेला धरणात किती पाणी ठेवायचं, याचं अभियंत्यांकडे वेळापत्रक असतं. पुढे येणाऱ्या पुरासाठी जागा राखायची म्हणून धरण पूर्ण भरण्याआधीही दरवाजे उघडले जातात. ‘अजून तर भरलं नाही, मग पाणी कसं सोडतील’ या हिशोबावर नदीकाठच्या वावरात निवांत बसू नये. विसर्गाचा निरोप घनमीटर प्रतिसेकंदात येतो आणि तो ऐकून सामान्य माणसाला काहीच बोध होत नाही. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. निरोपात पाचशे आकडा असेल तर दर सेकंदाला पाच लाख लिटर पाणी निघालं आहे. पण याहून कामाचा प्रश्न दुसराच आहे. दरवाज्यातून निघालेलं पाणी आपल्या गावच्या काठाला किती तासांनी लागतं, आणि किती विसर्गाला आपल्या गावचा कोणता भाग बुडतो? हा प्रश्न ग्रामसभेत विचारावा, पाटबंधारे खात्याकडून उत्तर लिहून घ्यावं आणि ते ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवावं. नदीत लावलेली मोटर काढायला शेवटच्या घटकेला उतरणं, हे आपल्याकडे दरवर्षी कुठे ना कुठे घडतं. मोटर गेली तर मोठं नुकसान आहे, कबूल. ती निरोप आल्याच्या पहिल्या तासात काढायची किंवा सोडून द्यायची. मधला काही मार्ग नाही.

इतकं सांगितल्यावर या पुस्तिकेचं मुख्य म्हणणं मांडतो. घर सोडायचा निर्णय पूर आल्यावर घेता येत नाही. तो मे महिन्यात, उन्हात, सगळे घरात असताना घ्यायचा असतो. पावसाळ्यात फक्त तो पाळायचा असतो. पाणी वाढत असताना घरात चार मतं होतात. आजोबा म्हणतात, माझ्या उभ्या आयुष्यात इथवर पाणी आलं नाही. बाप म्हणतो, तासभर बघू. मुलगा छायाचित्रं काढायला नाल्याकडे गेलेला असतो. बाईच्या मनात धान्य असतं, सोनं असतं, कोठ्यातली ढोरं असतात. हे सगळे आपापल्या जागी बरोबर असतात, आणि त्या बोलण्यातच रपटा बुडतो. मग निघायची वाट राहत नाही आणि रात्र होते.

कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे तिथल्या लहान पोरालाही पाठ आहे. २०१९ च्या महापुरात त्या गावातली कितीतरी माणसं वरच्या मजल्यांवर अडकून पडली. त्यानंतर पाणी वाढू लागलं की तिथले लोक आधी जनावरं घेऊन सोनतळीला पुनर्वसनाच्या जागेकडे निघतात. जनावरं आधी, हे लक्षात घेण्यासारखं आहे. ढोरं मागे राहिली तर घरातला कोणीतरी त्यांच्यासाठी मागे राहतो. ढोरं गेली की घर मोकळं होतं. त्याच २०१९ मध्ये, ८ ऑगस्टला, सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला पुराने वेढलेल्या गावातून बाहेर पडताना माणसांनी भरलेली बोट उलटली. बोटीची गरज पडण्याआधी, पायी चालत जाता येत असताना निघणं, हाच यातला धडा. बोट येईल, जवान येतील, हे खरं आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी नागपुरात असते. पण त्यांची वाटही त्याच बुडालेल्या रपट्यांवरून येते.

चिखलीला ३९ आणि ४३ हे आकडे आहेत. आपल्या नाल्याला कोण आकडा देणार? आपणच. गावातल्या जाणत्या माणसांना विचारून, आजवर पाणी कुठवर आलं ते बघून, पुलाच्या खांबावर किंवा काठच्या पक्क्या भिंतीवर तीन रंगांचे पट्टे ओढायचे. पिवळ्याला पाणी लागलं की ढोरं, म्हातारी माणसं, गरोदर बाया आणि लहान लेकरं हलवायची. केशरीला लागलं की बाकी सगळ्यांनी निघायचं. लाल पट्ट्यापर्यंत काठच्या वस्तीत कोणी असताच कामा नये. पट्टा लागला की चर्चा करायची नाही. रात्रीचं पाणी कोण बघणार, तेही नावानिशी ठरावं, आणि एकट्याने जाऊ नये.

विदर्भातच, गडचिरोली जिल्ह्यात, भामरागडचा संपर्क पर्लकोटेच्या पुराने जवळपास दर पावसाळ्यात तुटतो. तिथे पावसाळ्याआधी धान्य पोचवून ठेवणं हे सरकारी कामकाजाचा भाग आहे, आणि दिवस भरत आलेल्या बाईला नाले भरण्याआधी दवाखान्याजवळच्या माहेरघरात आणून ठेवण्याची सोय आहे. ज्यांच्याकडे सगळ्यात कमी आहे, त्या मुलखाने ही शिस्त अंगी बाणवली. ओडिशाने तर ती राज्यभर बाणवली. २९ ऑक्टोबर १९९९ च्या चक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसं मेली. १२ ऑक्टोबर २०१३ ला फायलिन आलं तेव्हा जवळपास दहा लाख लोकांना आधीच हलवलं होतं, आणि मृतांचा आकडा काही डझनांत राहिला. समुद्र तोच, किनारा तोच, घरंही बरीचशी तशीच गरिबांची. मधल्या चौदा वर्षांत इशारा वेळेवर पोचू लागला, निवाऱ्याच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि निघा म्हटलं की निघायचं हे गावोगाव ठरून गेलं.

आपल्याकडे तयारीची परंपरा नाही, असं मी म्हणणार नाही. मृग लागायच्या आत कवेलू फेरून घेणं, सरपण आणि गोवऱ्या कोरड्यात रचणं, पापड-कुरडया वाळवून डब्यात भरणं, कोठ्यात कुटार साठवणं, बियाणं उंदरापासून सांभाळणं, ही सगळी पावसाळ्याचीच तयारी आहे आणि ती आपल्या आया-आज्यांनी कोणी न सांगता केली. त्या यादीत आणखी एक दुपार वाढवायची आहे, एवढंच या पुस्तिकेचं मागणं.

त्या दुपारी काय करायचं, ते पुढच्या पानांवर तपशिलाने आलं आहे. इथे फक्त काही गोष्टींवर बोट ठेवतो, कारण त्या वाचताना निसटतात.

घराचे कागद. सातबारा आणि आधार आता मोबाईलवर मिळतो हे खरं, पण पुरानंतर चार दिवस वीज नसते, मनोरा बंद असतो आणि मोबाईल चिखलात गेलेला असतो. रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, शाळेचे दाखले, विम्याचे कागद, जमिनीचे कागद, डॉक्टरची चिठ्ठी, यांच्या झेरॉक्स प्लास्टिकच्या जाड पिशवीत बांधून एक संच घरात आणि एक संच उंचावरच्या नातेवाइकाकडे ठेवावा. चार महत्त्वाचे फोन नंबर कागदावर लिहावेत, कारण आता कोणालाच नंबर पाठ नसतात. त्यांच्या शेजारी ११२, रुग्णवाहिकेचा १०८ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हेही लिहावेत.

पिशवी. शहरातल्या याद्या वाचून माणसं इतकं भरतात की ती पिशवी उचलत नाही. एका हातात लेकरू, दुसऱ्या हाताला म्हातारी माय, आणि पाठीवर जेवढं राहील तेवढंच आपलं. मुरमुरे, फुटाणे, गूळ, पाण्याच्या बाटल्या, बॅटरी, काडेपेटी प्लास्टिकमध्ये, शिट्टी, सुट्टे पैसे, एक चादर, बायकांना लागणारे पॅड, बाळाचं दूध. आणि औषधं. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या निदान आठवड्याच्या पुरतील इतक्या कायम त्या पिशवीत असाव्यात. संपत आल्या की बदलाव्यात. इन्सुलिन घेणाऱ्याने ते थंड ठेवायची सोय कशी करायची हे आत्ताच डॉक्टरांना विचारून घ्यावं. चष्मा आणि कानाचं यंत्र सगळ्यात जास्त वेळा मागे राहतं.

निघताना मुख्य स्विच बंद, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, आणि दावणी मोकळ्या. शेवटची गोष्ट करताना शेतकऱ्याचा जीव तुटतो. आर्वी-आष्टी-कारंजाचा हा पट्टा गवळाऊ गाईचा. पांढरीशुभ्र, डोंगरउतारावर चपळ असलेली ही जात वर्धा जिल्ह्याचं भूषण आहे. जनावर हलवायला वेळ उरला नाही तर त्याला सोडून द्यावं. सुटलेलं जनावर पोहून, चढून बऱ्याचदा वाचतं. दाव्याला बांधलेलं जागेवर बुडतं. कोठ्यातली गाठ एका ओढीत सुटेल अशी मारायची सवय पावसाळाभर ठेवावी.

मातीच्या भिंतींबद्दल या पुस्तिकेत एक स्वतंत्र प्रकरण आहे आणि ते मी सगळ्यांना वाचायला सांगेन. पुराचं पाणी ओसरलं, ऊन पडलं, माणसं घरी परतली, आणि मग भिंत कोसळून आत झोपलेलं कुटुंब दबलं, असं आपल्याकडे घडतं. मातीची भिंत तळाशी पाणी पिते, वरचं कवेलूचं किंवा टिनाचं ओझं तसंच राहतं. वरून कोरडी दिसणारी भिंत आतून गाळ झालेली असते. पाणी लागलेल्या मातीच्या घरात पहिले काही दिवस झोपू नये, कितीही आपलं वाटलं तरी.

निवाऱ्याची जागा बहुतेक गावांत जिल्हा परिषदेची शाळा असते. ती उंचावर आहे का, तिच्याकडे जाणारी वाट नाला ओलांडते का, संडास चालू आहेत का आणि बायकांसाठी वेगळे आहेत का, हे मे महिन्यात जाऊन बघावं. बायका निवाऱ्यात जायला का नाही म्हणतात, याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं. अंधार, उघड्यावर जायची पाळी, ओळखी-अनोळखी पुरुषांची गर्दी. दोन बल्ब, एक पडदा आणि आतून लागणारी कडी यांनी जो निर्णय सोपा होतो, तो भाषणांनी होत नाही. गरोदर बाईचं नाव आणि तिची तारीख आशाताईंकडे लिहिलेली असते. जुलै ते सप्टेंबरमध्ये ज्यांचे दिवस भरतात आणि ज्यांचं गाव रपट्यापलीकडे आहे, त्यांना आठ-दहा दिवस आधी अलीकडे आणून ठेवावं. त्यासाठी पुराची वाट बघायची गरज नाही.

पुरानंतरच्या दिवसांत साप आणि पाणी या दोन गोष्टी माणसं मारतात. बिळं बुडाल्यामुळे साप कोरडी जागा शोधत घरात, कुटारात, अंथरुणात येतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारांच्या विषावर प्रतिविष सरकारी दवाखान्यात मिळतं. मांत्रिकाकडे गेलेला अर्धा तास परत मिळत नाही. विहिरीचं पाणी उपसून त्यात दर हजार लिटरला अडीच ग्रॅम या हिशोबाने चांगली ब्लीचिंग पावडर टाकावी लागते. आपली विहीर किती लिटरची आहे, हे मोजून ठेवलेलं असेल तर त्या दिवशी अंदाजपंचे काम होत नाही. आणि चिखल धुऊन काढायच्या आधी घराचे, वावराचे, मेलेल्या जनावरांचे फोटो काढावेत. बाया-माणसं स्वच्छतेच्या ओढीने पहिल्याच दिवशी सगळं लख्ख करतात आणि मग पंचनाम्याला दाखवायला काही उरत नाही. खरडून गेलेल्या जमिनीची नोंद तर वेगळी करून घ्यावी लागते, नाहीतर ती पिकाच्या नुकसानीत विरून जाते.

हे सगळं एका घराने एकट्याने केलं तर अर्धंच होतं. आपल्या भागात तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना कितीतरी गावांत संध्याकाळी होते. माणसं रोज एका वेळी, एका जागी, शांत बसतात. सरकारच्या कुठल्याही बैठकीला इतकी हजेरी लागत नाही. प्रार्थनेनंतर जून महिन्यात एखाद दिवशी या पुस्तिकेचं एक प्रकरण मोठ्याने वाचलं जावं, असं मला मनापासून वाटतं. मंदिराचा भोंगा, कोतवालाची दवंडी, शाळेची घंटा यांपैकी पुराची खूण कोणती, हेही तिथेच ठरावं. मोबाईलवरचा इशारा येईलच. पण वीज गेल्यावर घंटाच वाजते.

एका गोष्टीची मला सगळ्यात जास्त काळजी आहे, आणि पुस्तिकेत तिला हवी तेवढी जागा मिळालेली नाही. आपल्या गावांत आता कितीतरी घरांत फक्त दोन म्हातारी माणसं राहतात, कुठे एकच. मुलगा पुण्याला, मुलगी नागपूरला. गुडघे चालत नाहीत, कानाने ऐकू येत नाही, भोंगा वाजला तरी कळत नाही. या घरांसाठी कुटुंबाने ठरवायची ही सगळी तयारी लागू पडत नाही, कारण ठरवायला कुटुंबच तिथे नाही. म्हणून ग्रामपंचायतीने पावसाळ्याआधी अशा घरांची यादी करावी आणि प्रत्येक घरासमोर दोन तरुणांची नावं लिहावीत. पिवळा पट्टा लागला की या दोघांनी त्या घरी जायचं, आजीला खाटेसकट उचलायचं, तिची औषधाची पिशवी घ्यायची आणि शाळेत नेऊन बसवायचं. पुण्याच्या मुलाकडे त्या दोघांचे फोन नंबर असावेत आणि त्या दोघांकडे पुण्याच्या मुलाचा. दिवाळीला, उन्हाळ्यात तो मुलगा घरी येतो तेव्हा ही ओळख प्रत्यक्ष करून द्यावी, आजीच्या समोर, म्हणजे त्या रात्री दारात उभ्या राहिलेल्या पोराबरोबर जायला ती नाही म्हणणार नाही.